शेजारच्या देशाची चूल विझवू नका

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. वाणी मीठ-तेल देत नाही, मालक कामावर बोलावत नाही, पाणवठ्याची वाट बंद होते. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालातही हेच आहे. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची जमीन काढून घेतात, वाट अडवतात, दुकानदार जिन्नस विकत नाही. मोठ्या देशाने लहान देशाचा माल अडवला की त्याला ‘आर्थिक निर्बंध’ म्हणतात. नाव गोंडस आहे, पण आहे तो बहिष्कारच.

अमेरिकेने क्युबावर तो घातला, हे आपण वाचतो. आपल्या देशाने नेपाळवर घातला, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

नेपाळला समुद्र नाही. तेल, औषध, कापड बहुतेक भारतातूनच जाते. १९८८ साली तेथील राजाच्या सरकारने चीनकडून शस्त्रे घेतली, दिल्ली रागावली. २३ मार्च १९८९ रोजी व्यापाराचे करार संपले आणि बाहेरचा माल नेण्याच्या १५ पैकी १३ वाटा भारताने बंद केल्या. शस्त्रे घेणारा राजा महालातच राहिला, रॉकेलच्या रांगेत मात्र बायाबापड्या उभ्या राहिल्या. सरपणासाठी झाडे तुटली. काही विद्वान म्हणतात, यामुळेच १९९० मध्ये तेथे लोकशाही आली. अहो, रस्त्यावर उतरली आणि तुरुंगात गेली ती नेपाळी जनता!

पुढे २०१५ साल उजाडले. २५ एप्रिलच्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसे दगावली. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली. तराईतील मधेशी व थारू लोकांना ती अन्यायकारक वाटली. त्यांची तक्रार खरी होती, आंदोलनात त्यांची माणसेही मेली. पण रक्सौलसारख्या नाक्यांवर ट्रक अडले ते जवळजवळ पाच महिने. आपण नाकेबंदी केलीच नाही, असे भारत सरकारने सांगितले. आंदोलक नव्हते त्या नाक्यांवरही ट्रक का थांबले, असे नेपाळने विचारले. गॅसचे सिलिंडर अर्धे भरून वाटले गेले. ३० नोव्हेंबरला युनिसेफने इशारा दिला की, इंधन, औषधे व लसींच्या टंचाईमुळे पाच वर्षांखालील ३० लाखांवर मुलांना हिवाळ्यात आजाराचा वा मृत्यूचा धोका आहे.

सावंगी (मेघे)च्या दवाखान्यात रोगी घेऊन आलेल्या बाईला विचारा, चिठ्ठीवरचे औषध मिळाले नाही तर जिवाचे काय होते! तेथे तर देशभर हीच गत झाली.

आणि दिल्लीला मिळाले काय? मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनच्या वाटेने माल आणण्याचा करार केला.

गावाने किंवा जातपंचायतीने बहिष्कार घातला तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. देशाने घातला तर ते परराष्ट्र धोरण!

ज्या नेपाळात लुंबिनी आहे, जेथे काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये बोलले, तो देश आपल्याला परका नाही. लुंबिनीला जाणाऱ्या मंडळींनी सोनौलीचा नाका ओलांडल्यावर तिथल्या दुकानदाराला, चहावालीला त्या पाच महिन्यांबद्दल जरूर विचारावे आणि परत आल्यावर वस्तीत सांगावे.