विश्लेषण : पेशीत सेंट्रिओल ‘दोनाचे चार’च का होतात?

पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांची समान वाटणी व्हावी लागते. त्यासाठी पेशीची दोन टोके निश्चित करण्यात सेंट्रिओल या नळीसारख्या सूक्ष्म रचनांची मदत होते. नव्या पेशीत दोन सेंट्रिओल असतात. डीएनएची प्रत तयार होत असतानाच प्रत्येक जुन्या सेंट्रिओलशेजारी एक नवा आकार घेतो. विभाजनानंतर दोन्ही पेशींना दोन-दोन मिळतात.

एकच नवा का?

नव्या सेंट्रिओलची सुरुवात पीएलके-४ हे प्रथिन करते, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. ते स्वतःलाच फॉस्फेट जोडते आणि ही खूण दिसताच पेशी ते नष्ट करते. त्यामुळे त्याचे प्रमाण कमीच राहते. शिवाय विभाजनाच्या अखेरीस जुन्या-नव्याची जोडी सुटेपर्यंत पुढची प्रत बनत नाही.

नियंत्रण सुटले तर?

पीएलके-४ वाढले की सेंट्रिओलही वाढतात आणि गुणसूत्रांची वाटणी बिघडू शकते. या बिघाडाचा कर्करोगाशी संबंध असावा, असे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडले होते. २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगात जादा सेंट्रिओलमुळे गाठी झाल्याचे दिसले. पीएलके-४ रोखणाऱ्या औषधाच्या कर्करुग्णांवर प्राथमिक चाचण्याही झाल्या आहेत.