तण कोणाला म्हणायचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका शहराबाहेर आमच्या वसाहतीत घर बांधून झाले आणि घरापुढे पाच-सहाशे चौरस फूट जागा मोकळी राहिली. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "वकीलसाहेब, कार्पेट लॉन टाका, घराला शोभा येते." नर्सरीवाल्याने फुटावर भाव सांगितला. जागेवर जे काही उगवले होते ते उपटून काढायला मी एक माणूस लावला. गावाहून आलेली आई ओट्यावर बसून पाहत होती. ती एकदम उठली आणि त्या माणसाच्या हातातली पेंढी काढून घेत मला म्हणाली, "अरं वकिला, हे तन न्हाई, मारवेल हाय. जनावराच्या तोंडातला घास हाय ह्यो."

माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावरचे गवत कापले. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण मारवेल, पवन्या आणि कुसळी तिला अंधारात हात लावून ओळखता येतात. मी कायद्याची पदवी घेतली, कलमे तोंडपाठ केली; आणि माझ्याच दारात उगवलेल्या गवताचे नाव मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी लॉनचा बेत रद्द झाला. वर्षभरात जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण आता आपल्यापैकी अनेकांची घरे होत आहेत, विहारांना आवार मिळत आहे, आणि त्या आवारात काय लावायचे हा प्रश्न आपण नर्सरीवाल्यावर सोडून मोकळे होतो.

मुळात 'तण' म्हणजे काय? ही वनस्पतीशास्त्रातली जात नव्हे. ज्याची जमीन आहे त्याने नको असलेल्या झाडाला दिलेले ते नाव आहे. एकच गवत शेतात उगवले की हरळी म्हणून खणून काढतात आणि देवघरात गेले की दुर्वा म्हणून वाहतात. गवत तेच, मूळ तेच. फक्त जागा बदलली की प्रतिष्ठा बदलते. हा न्याय आपल्याला नवा नाही. म्हणून निदान आपण तरी एखादे झाड उपटण्यापूर्वी त्याचे नाव विचारले पाहिजे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'देशी' हा शब्द हल्ली फार सैल वापरला जातो आणि त्याला शुद्धतेचा वास येतो. देशी तेवढे पवित्र आणि बाहेरचे तेवढे भ्रष्ट, असे माझे म्हणणे नाही. आपल्या भाकरीबरोबरची मिरची, पोरांचा पेरू आणि शेतातला भुईमूग हे सगळे अमेरिका खंडातून आलेले आहेत. दारच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच. त्यांनी कोणाचे काय बिघडवले? झाडाची पारख जन्मावरून करायची नाही, वागणुकीवरून करायची. ते इथल्या किड्यापाखरांना काही देते का, आणि शेजारच्या झाडांना जगू देते का, हे दोन प्रश्न विचारावेत.

या कसोटीवर घाणेरी पाहा. तिलाच टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचे झाड म्हणून भारतातल्या बागेत आणली गेली. बागेतून ती निसटली आणि आज जंगलेच्या जंगले तिने व्यापली आहेत. तिच्याखाली गवत उगवत नाही आणि गुरांनी तिचा पाला खाल्ला तर त्यांना विषबाधा होते. जलपर्णीही अशीच शोभेची म्हणून आली आणि नद्या गुदमरल्या. गाजरगवत पुण्यात 1955 च्या सुमारास प्रथम दिसले. आज ते प्रत्येक गावच्या हागणदारीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत आहे आणि उपटणाऱ्या मजुराच्या अंगाला खाज सुटते. पिवळा कॉसमॉस अजूनही हौसेने पेरला जातो. तो मूळचा मेक्सिकोकडचा, आणि पुण्याच्या टेकड्यांवर पसरून बसला आहे. बाग एकाची असते, तिचा भुर्दंड मात्र गायरानावर गुरे चारणाऱ्याला बसतो. म्हणून दारात काय लावायचे हा केवळ खाजगी आवडीचा प्रश्न राहत नाही.

मग लावायचे काय? आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात पहिला मान गवताला द्यावा. मारवेल वाटेच्या कडेला लावावे. ते मऊ असते आणि कापले तरी पुन्हा फुटते. कुसळी दिसायला देखणी, पण तिची कुसळे कपड्यांत घुसतात, म्हणून ती कुंपणाकडे ठेवावी. सांडपाण्याच्या चरीवर वाळा लावावा. त्याच्या मुळ्या खोल जातात, माती धरून ठेवतात आणि त्यांना सुगंधही असतो. बी धरले की मुनियांचे थवे गवतावर उतरतात. लॉनला रोज पाणी लागते. ही गवते पावसावर जगतात आणि उन्हाळ्यात वाळून निमूट पडून राहतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्या मुलखात राहून दारात हिरवा गालिचा पोसण्यापूर्वी माणसाने एकदा विचार करावा.

फुलांमध्ये तेरडा सर्वांत सोपा. त्याची पिकलेली शेंग बोट लावताच फुटते आणि बी आपोआप पसरते. काटेकोरांटी, जिला वज्रदंती म्हणतात, कुंपणाला चांगली. पिवळी फुले देते आणि शेळ्यांना दाद देत नाही. अबोली अर्ध्या सावलीत येते. कोपऱ्यात एक रुई राहू द्यावी. तिच्या पानांवर प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पाने खाल्लेली दिसली म्हणून औषध फवारू नये; अळी मारून फुलपाखरू मिळत नाही. कळलावीचे फूल मोहक असले तरी तिचा कंद अत्यंत विषारी आहे, म्हणून लहान मुले असलेल्या घरात ती नको.

नेचे म्हणजे फक्त कोकणाची आणि महाबळेश्वरची मिरास, असा समज आहे. तो खरा नाही. हंसराज सावलीच्या ओलसर भिंतीला येतो. मयूरशिखा तर दगडाच्या फटीत जगते. उन्हाळ्यात आक्रसून मेल्यासारखी होते आणि पहिल्या पावसात पुन्हा पंखा उघडते. न्हाणीच्या मागची, साबणाचे पाणी न जाणारी सावलीची जागा त्यांना द्यावी.

आता वकील म्हणून एक गोष्ट. ही झाडे हवीत म्हणून पिशवी घेऊन डोंगरावर जाऊ नका. 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'वनोपज' या शब्दाच्या व्याख्येत जंगलातली फुले, गवत, वेली, इतकेच काय शेवाळसुद्धा येते आणि राखीव जंगलातून ते विनापरवाना काढणे हा गुन्हा आहे. याच कायद्याखाली गवताचा भारा आणणाऱ्या बायांना आयुष्यभर रानात धाक बसला. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या आणि त्यावर पोट असणाऱ्यांना गौण वनोपजाचा हक्क दिला; तो त्यांच्या पोटासाठी आहे, आपल्या कुंडीसाठी नाही. कास पठाराचा समावेश 2012 साली जागतिक वारशात झाला. तिथली सोनकी तिथेच पाहावी. आपण आपल्या शेताच्या बांधावरून, नातेवाइकांच्या पडीतून मूठभर बी मागून आणावे, तेही निम्मे जागेवर ठेवून.

कृती अवघड नाही. मे अखेरीस जमीन वरवर मोकळी करावी, शेणखताचा मारा करू नये. या झाडांना मुरमाड जमीन चालते. पहिला पाऊस झाला की बी टाकावे. गाजरगवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. फुले वाळली तरी बी झडेपर्यंत काड्या कापू नयेत. उंच गवत दारापासून आठ-दहा फूट लांब ठेवावे, सापकिरडाची भीती राहत नाही, आणि हिवाळ्यात ते कापून एखाद्या शेळीवालीला द्यावे.

शेवटचे सांगायचे ते असे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोकांच्या माहितीवर आधारलेली नोंदवही सांगितली आहे. त्या नोंदवहीत माहिती कोण सांगणार? माझ्या आईसारख्या बाया सांगणार, ज्यांना आजवर कोणी विचारले नाही. आपल्या गावची नोंदवही मागा, ती वाचा, आणि तिच्यात आपल्या आयाबहिणींची माहिती उतरली आहे का ते तपासा. नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा.

यंदा माझ्या दारात मारवेल गुडघ्याएवढे झाले आहे. शेजारी विचारतात, "वकीलसाहेब, अजून साफ केले नाही का?" मी उत्तर देत नाही, त्यांना आईकडे पाठवतो. ती एकेका काडीचे नाव सांगते. मागच्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने मारवेलाचे बी मागून नेले.