बाळंतिणीचे औषध, बाळाचे दूध

रक्तातून दुधात

आईने घेतलेले औषध रक्तात मिसळते आणि स्तनातील दुग्धपेशी ओलांडून दुधात उतरते. लहान रेणूंची, स्निग्ध पदार्थांत विरघळणारी औषधे सहज पोहोचतात. हेपॅरिनचा रेणू मोठा असल्याने तो जवळजवळ उतरतच नाही. पहिल्या काही दिवसांत या पेशींमधल्या फटी रुंद असतात. तरीही चीक मुळात थोडाच येत असल्याने बाळाच्या पोटात जाणारे औषध कमीच राहते.

किती चालते?

बाळाला दुधातून मिळणारी मात्रा आईच्या मात्रेशी, दोघांच्या वजनाच्या हिशेबाने, ताडून पाहतात. हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असल्यास औषध बहुधा चालते. आयबुप्रोफेन या कसोटीत सहज बसते आणि पॅरासिटामॉलही चालते. मात्र नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे यकृत व मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकतात; त्यांच्यात थोडे औषधही साचत जाते.

कोडीनचा धोका

कोडीनचा काही भाग यकृतात मॉर्फिनमध्ये बदलतो. काही स्त्रियांत, आनुवंशिक कारणाने, हा बदल फार वेगाने होतो आणि दुधात अपेक्षेहून जास्त मॉर्फिन उतरते. अशा वेळी बाळ अति झोपाळू होते, नीट ओढत नाही, त्याचा श्वास मंदावतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तनपानाच्या काळात कोडीन आणि ट्रॅमाडॉल टाळण्याचा इशारा दिला. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असते, म्हणून बाटलीवरील घटक वाचणे महत्त्वाचे.

क्षयरोग

आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन ही नेहमीची औषधे चालू असताना स्तनपान सुरू ठेवता येते. दुधातून उतरणारा अंश बाळाला अपाय करण्याइतका नसतो. पण त्याचे रक्षण करण्याइतकाही नसतो. त्यामुळे बाळाला प्रतिबंधक उपचार लागले, तर त्याच्या वजनानुसार वेगळी मात्रा द्यावी लागते. आई संसर्गजन्य असेपर्यंत पाजताना मास्क आवश्यक असतो, कारण क्षय पसरतो तो श्वासातून.

पाजणे केव्हा थांबते?

किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारात स्तनपान पूर्ण बंद करावे लागते. कर्करोगावरील बहुतेक औषधांतही पाजता येत नाही. एरवी ‘गोळ्या चालू आहेत’ एवढ्यावरून अंगावरचे तोडणे बाळावर अन्यायच आहे: त्याच आजारावर बहुधा दुसरे, सुरक्षित औषध मिळते. काही दिवसांपुरतेच थांबायचे असेल, तर दूध नियमित पिळून टाकल्याने ते आटत नाही.