खणणाऱ्याचे क्रियापद

'अनअर्थ' या इंग्रजी क्रियापदाचा उच्चार मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी सहज 'अनर्थ' असा होतो, आणि भाषांतरात कधी कधी तो घडतोही. या शब्दाच्या पोटात माती आहे. मातीखालून खणून काढणे हा त्याचा मूळ अर्थ. कोल्ह्याला बिळातून बाहेर काढणे यासही इंग्रज शिकारी हाच शब्द योजीत. अर्थात वस्तू दडलेली हवी, आणि ती काढणाऱ्यास श्रम पडावयास हवेत.

कपिलधारचा धबधबा कोणी 'अनअर्थ' केला असे म्हणता येणार नाही. तो डोळ्यांदेखत कोसळतो. तेथे समाधिस्थ असलेल्या मन्मथस्वामींचे 'परमरहस्य'ही, नावात रहस्य असूनही, दडलेले नाही. भाविकांच्या पारायणांतून ते कानी पडतच असते. त्याच जिल्ह्यात बीडच्या पाटांगणात वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीचे जे जुने हस्तलिखित मिळाले व जे त्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले, त्याला मात्र हे क्रियापद तंतोतंत लागू पडते. जुन्या कागदांसाठी गावोगाव वणवण करणारा हा माणूस होता.

मराठीत याला प्रतिशब्द कोणता? 'उकरून काढणे' म्हटले की जुन्या भांडणाचा वास येतो. 'हुडकणे' चांगले, पण चुकलेली म्हैसही हुडकतात. वृत्तपत्रांनी 'उघडकीस आला' हा प्रयोग पत्करला आहे, आणि आक्षेप आहे तो त्यालाच. रोजगार हमीच्या हजेरीपटावरील खोटी नावे आपल्या पायांनी चालत उजेडात येत नाहीत. कोणीतरी अर्ज करून नकला मिळवतो, घरोघर जाऊन ताळा पाहतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने हे काम सामान्य नागरिकाच्या आवाक्यात आणले. त्याच वर्षीच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेवर सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी टाकली. बातमीत मात्र गैरव्यवहार 'उघडकीस येतो' आणि खणणारा वाक्यातून नाहीसा होतो.

'खणून काढणे' हे क्रियापद मराठीत आहेच. ते कर्ता मागते, एवढीच त्याची अडचण. परंतु बातमीदाराचा संकोचही सर्वस्वी अकारण नव्हे. माहितीचा अधिकार वापरून जमिनींचे व्यवहार खणून काढणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली.