पुढच्या चौकात विचारा

1998 सालचा श्रावण. तालुक्याच्या गावातलं आमचं टेलिफोन एक्स्चेंज हजारभर जोडण्यांचं. माझं क्वार्टर त्याच्या मागेच. आज सोमवार, आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा दिवस.

सकाळी 6

पहिली फेरी बॅटरी रूममध्ये. दोन-दोन व्होल्टचे 24 सेल ओळीने मांडलेले. सगळे मिळून 48 व्होल्ट. हायड्रोमीटर लावून प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता वहीत लिहायची, पातळी उतरली असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर घालायचं. गावातली लाइट गेली तरी फोन चालतो तो या सेलांच्या जिवावर, कारण घरातल्या फोनला वीज इथूनच, बोलण्याच्याच दोन तारांतून जाते. बॅटरीचं धन टोक मात्र जमिनीला जोडलेलं. केबलमध्ये ओल शिरली आणि तांबं धन असलं, तर ते झिजत जातं. ऋण असलं की टिकतं. आमच्या पावसात या एका खबरदारीवर मैलोगणती तार तगून आहे.

सकाळी 7:30

एमडीएफ झाडूनपुसून घेतो. भिंतभर लोखंडी चौकट. एका बाजूला गावातून आलेल्या केबलींच्या पेअर, दुसऱ्या बाजूला यंत्रातले नंबर, आणि मधे दोघांना जोडणारी पीळदार तार, जंपर. पेअर घराची असते, नंबर एक्स्चेंजचा असतो. एका डॉक्टरांनी दवाखाना बाजारपेठेतून स्टँडजवळ हलवलाय. जुना जंपर काढला, स्टँडकडच्या पेअरवर नवा टाकला. नंबर तोच राहिला. पेशंटांच्या डायरीत काही खोडावं लागणार नाही.

सकाळी 9

198 वर तक्रारी सुरू. ‘‘साहेब, फोन डेड आहे.’’ ‘‘दुसऱ्याचंच बोलणं ऐकू येतंय.’’ टेस्ट डेस्कवरून एकेक लाइन तपासतो. पेठेतल्या सात-आठ लाइनी एकदम ‘अर्थ’ दाखवतात, म्हणजे तार जमिनीला भिडलीय. एवढ्या एका वेळी बिघडतात तेव्हा दोष घराघरात नसतो, वाटेतल्या जॉइंटमध्ये पाणी असतं. लाइनमन नाना टोपी चढवून निघतात. पिलरजवळचा खड्डा उपसून त्यांनी जॉइंट उघडला. पांढरा-निळा ही पहिली जोडी, पांढरा-नारिंगी दुसरी, असं रंगांवरून ते पुटपुटत मोजतात, एकेक सांधा कोरडा करून पुन्हा बांधतात. मी इकडून मीटरचा काटा बघत राहतो. ‘‘आली, नाना. ही पण आली.’’

सकाळी 11

आता खरी गर्दी. हजारभर फोन आणि बाहेरगावी जायला फक्त दोन सिस्टिम. एकेका सिस्टिममध्ये 30 संभाषणं, म्हणजे एका वेळी 60 माणसं. हे पुरतं, कारण सगळे एकाच क्षणी फोन उचलत नाहीत. किती जणांसाठी किती वाटा ठेवाव्यात, याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी 1909 आणि 1917 च्या लेखांत मांडलं. गर्दीच्या तासाचा हिशेब आम्ही आजही त्यांच्याच नावाच्या एककात करतो. एक लाइन तासभर सलग गुंतली, तर तो एक एरलांग.

एका ट्रंक लाइनवर हेडफोन लावतो. गावातला कुणी मुंबईला फोन लावतोय. त्याने रिसीव्हर उचलला तेव्हा दोन तारांचं वर्तुळ पुरं झालं, करंट वाहू लागला आणि एक्स्चेंजने डायल टोन दिला. पहिला आकडा शून्य, म्हणजे बाहेरगाव. मग 22, म्हणजे मुंबई. पुढचे आकडे कुठल्या पेठेतले, कुठल्या इमारतीतले, हे आमच्या यंत्राला ठाऊक नाही आणि गरजही नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की मुंबईचा माणूस आला की जिल्ह्याच्या ट्रंक एक्स्चेंजकडे धाडायचा. पुढची वाट ते दाखवील.

हेडफोनमध्ये दोन्ही एक्स्चेंजच्या यंत्रांची बोलणी ऐकू येतात. दोन सूर मिळून एक आकडा होतो. आमचं यंत्र तो आकडा वाजवत राहतं, पलीकडून ‘पोचला, पुढचा दे’ अशा अर्थाचा सूर येईपर्यंत. तो आला की हे थांबतं, मग ते थांबतं, मग पुढचा आकडा. प्रत्येक आकड्याला पोच. शेवटी पलीकडून निरोप येतो, फोन मोकळा आहे की व्यग्र. मोकळा असेल तर तिकडचं एक्स्चेंज त्या घराच्या तारेवर सुमारे 75 व्होल्टचा घंटीचा करंट सोडतं आणि इकडच्या माणसाला रिंगचा आवाज ऐकवतं. आपल्याला कानात येते ती त्या घरातली घंटी नसते; ती तिथल्या एक्स्चेंजची खूण असते.

परगावी पाहुण्याचं घर शोधताना असंच होतं. पहिला माणूस घर दाखवत नाही. तो म्हणतो, सरळ जा, पुढच्या चौकात विचारा.

दुपारी 1:30

गर्दी ओसरते. नाना चिखलाचे पाय धुऊन येतात. डबे उघडतात. आज सोमवारचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी.

दुपारी 4

एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर. मुलाचं पत्र हातात, त्यात नवा नंबर. ‘‘तीन दिवस लावतोय बाळा, नंबर अस्तित्वात नाही म्हणतात.’’ मी स्वतः लावून पाहिला. खरंच. मुलाच्या गावी नवं एक्स्चेंज सुरू झालंय, तिथल्या नंबरांचे सुरुवातीचे आकडे नवे आहेत, आणि ते आमच्या यंत्रातल्या वाटांच्या तक्त्यात कुणी भरलेच नव्हते. तार शाबूत, मुलाचा फोन शाबूत; पहिल्याच चौकातल्या माणसाने मान हलवली आणि बाप तीन दिवस रिसीव्हर ठेवत राहिला.

टर्मिनलवर बसून ओळ भरली: हे आकडे आले की या वाटेने, ती भरलेली असेल तर त्या वाटेने. मग काउंटरवरच्या फोनवरून त्यांना लावायला सांगितलं. रिंग गेली. ‘‘हॅलो’’ ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ नुसतं ‘‘हां, हां’’ म्हणत राहिले.

रात्री 10:30

स्टँडजवळच्या पिवळ्या पीसीओंवर स्वस्त दराची रांग. फौजेतल्या मुलांच्या आया, पुण्याला शिकणाऱ्या पोरींचे वडील. यंत्रावरचे दिवे भराभर लागतात. कुणी रिसीव्हर ठेवला की मोकळं झाल्याची खूण वाटेतल्या एकेका एक्स्चेंजला पोचते, प्रत्येकजण आपापला दुवा सोडतो, आणि त्या दोघांसाठी बांधलेली वाट नाहीशी होते. तोच दुवा लगेच दुसऱ्या कुणाच्या वाटेत जोडला जातो.

झोपण्याआधी वहीत लिहिलं: नवे सुरुवातीचे आकडे भरले, टेस्ट कॉल ओके. त्याखाली उद्याचं काम: शेजारच्या तालुक्यांचे सगळे नवे आकडे तक्त्याशी ताडून पाहणे. पुन्हा कुणी आमच्या चौकातून परत जाऊ नये.