चाळीस लिटरांचा समुद्र

पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांत मिळून सुमारे १३३ कोटी घनकिलोमीटर पाणी आहे. आणि जगात असे काही हौशी लोक आहेत, जे समुद्र घरातल्या टेबलावर मांडतात. फक्त ४० लिटरांचा! म्हणजे दोन मोठ्या बादल्या भरून पाणी. त्यात वाळू, खडक, रंगीबेरंगी प्रवाळ, दोन जोकर मासे, एखादी कोळंबी आणि चार-पाच गोगलगाई. वरून निळसर पांढरा दिवा. याला म्हणतात रीफ टँक.

तुमच्यापैकी कुणाकडे गप्पी किंवा गोल्डफिश असतील. पण रीफ टँकचं प्रकरण फारच निराळं, बरं का! इथे सगळी धडपड चालते ती प्रवाळांसाठी. प्रवाळ हा प्राणी आहे. एकेकाचा आकार बहुधा काही मिलिमीटरच. मऊ नळीसारखं अंग, वर तोंड आणि तोंडाभोवती इवल्याशा हातांची झालर. असे शेकडो-हजारो जण एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्यातले काही पाण्यातला चुना काढून घेतात आणि आपल्याखाली दगडी बैठक बांधत जातात. समुद्रातले मैलोन् मैल पसरलेले प्रवाळ खडक या चिमुकल्यांनीच बांधलेत.

मला या छोट्या टाक्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांचे रंग सुंदर असतातच, पण खरी गंमत पुढे आहे. मोठा समुद्र जी कामं आपोआप उरकतो, ती सगळी इथे कुणाला तरी रोज करावी लागतात. एक जरी राहिलं, तर दुसऱ्या दिवशी टाकीच सांगते की काल काय राहिलं!

लोकांना दाखवण्यासाठी पहिलं मत्स्यालय उघडलं ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात, १८५३ साली. मग इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या आल्या. थंड समुद्रातले खेकडे, शंख, समुद्रफुलं त्यात राहत. उष्ण समुद्रातले प्रवाळ मात्र टाकीत फार दिवस तग धरत नसत. पाणी कितीही गाळा, कितीही बदला, ते मरतच. पुढे इंडोनेशियात जकार्ताला राहणाऱ्या ली चिन एंग नावाच्या हौशी माणसाने वेगळीच रीत काढली. समुद्रातले खडक खरवडून धुण्याऐवजी त्यांनी ते जसेच्या तसे टाकीत ठेवले. जोडीला समुद्राचं पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे, बस्स. प्रवाळ जगले! १९६१ साली त्यांनी हे एका अमेरिकन मासिकात लिहिलं.

त्या खडकांत असं होतं तरी काय? सच्छिद्र खडकाच्या लाखो बारीक भोकांत जिवाणू राहतात. मासा शी करतो, खाण्याचा एखादा कण कोपऱ्यात कुजतो, त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया म्हणजे माशांसाठी विषच. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते बरंच निरुपद्रवी असतं. कुणाला न दिसता ही साफसफाई अखंड चालू असते.

म्हणून नवी टाकी भरली की पहिले चार-सहा आठवडे तिच्यात मासा सोडायचाच नाही! आत नुसते खडक, वाळू आणि खारं पाणी. रोज नळीत थोडं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पाणी हिरवं झालं की अमोनिया आहे, पिवळं राहिलं की संपला. जिवाणूंची संख्या पुरेशी वाढेपर्यंत वाट बघणं एवढंच काम. हे सगळ्यांत अवघड काम आहे असं मला वाटतं.

बरं, वाट बघून पुढे मिळतं काय? तर तपकिरी धूळ! वाळूवर, काचेवर, खडकावर सगळीकडे. हे असतात डायॅटम, म्हणजे काचेच्या घरात राहणारे एकपेशीय जीव. पाण्यातली सिलिका वापरून ते स्वतःभोवती नक्षीदार कवच घडवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंत तर थक्क व्हाल, पण टाकीत ते घाणच दिसतात. सिलिका संपत आली की तेही ओसरतात, आणि मग येतं लांब हिरव्या केसांचं शेवाळ. पुष्कळ जण नेमके इथेच कंटाळून टाकी विकून टाकतात. जे थांबतात, त्यांच्या गोगलगाई आणि शंखातले खेकडे ते शेवाळ खात सुटतात. मग एके दिवशी खडकावर जांभळा, गुलाबी ठिपका दिसतो. हेही शेवाळच, पण चुन्याचं, खडकाला घट्ट चिकटलेलं. ते पसरू लागलं म्हणजे टाकीची घडी बसत आली.

आता रात्री दिवे विझल्यावर लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन टाकीजवळ गेलं पाहिजे. समुद्रातल्या बऱ्याच जीवांना लाल उजेड नीट दिसत नाही, त्यामुळे ते लपत नाहीत. समुद्रातून आलेला खडक असेल, तर त्याच्याबरोबर न बोलावलेली केवढी मंडळी आलेली असतात! केसाळ गांडुळासारखे किडे खडकाच्या भेगेतून बाहेर येऊन उरलंसुरलं खातात. नखाएवढे तारामासे काचेवर फिरतात. ठिपक्याएवढे कोपेपॉड टुणटुण उड्या मारतात. कधी कधी अंधारातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि टाकीला तडा गेला की काय असं वाटतं.

तो असतो पिस्तूल झिंगा. त्याचा एक पंजा भलामोठा. तो इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो आणि लगेच फुटतो. फुटताना आतलं तापमान क्षणभर चार हजार अंशांच्याही वर जातं! आवाज येतो तो बुडबुडा फुटल्याचा. हा झिंगा बिळं खणण्यात पटाईत, पण त्याला दिसतं फार कमी. त्यामुळे तो गोबी नावाच्या माशाबरोबर राहतो. मासा दारात पहारा देतो, झिंगा वाळू उपसतो. काम करताना झिंग्याची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली असते. माशाने शेपटी थरथरवली, की दोघंही बिळात!

न बोलावलेल्यांमध्ये एक त्रासदायक जीव असतो, ऐप्टेशिया. छोटंसं, पारदर्शक समुद्रफूल. ते शेजारच्या प्रवाळांना डंख मारतं. कापून काढायला गेलात, तर उरलेल्या तुकड्यातून नवं उगवतं. एकाची दहा होतात. मग पेपरमिंट नावाची लाल पट्ट्यांची कोळंबी आणतात. तिला ते आवडतं.

आता मिठाकडे येऊ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ४० लिटरांच्या टाकीत झालं १,४०० ग्रॅम. उन्हाळ्यात, पंखा चालू असताना, अशा टाकीतून रोज लिटरभर पाणी उडून जाऊ शकतं. पण वाफ होतं ते पाणीच, मीठ खालीच राहतं. आमटी उकळून आटली की खारट होते आणि आपण तिच्यात पाणी घालतो, तसंच इथे करायचं. रोज जेवढं उडालं तेवढं गोडं, शुद्ध पाणी घालायचं. समजा घरातले सगळे पाच दिवस गावाला गेले आणि कुणी पाणी घातलं नाही. उरलं ३५ लिटर पाणी, मीठ तेवढंच. करा भागाकार: लिटरला ४० ग्रॅम! एवढा खारटपणा तांबड्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भागात असतो. तिथे प्रवाळ मजेत राहतात, कारण ते हजारो वर्षं तिथलेच आहेत. टाकीतल्या बिचाऱ्यांना मात्र पाच दिवसांत समुद्र बदलावा लागला. खऱ्या समुद्रावरून याहून कितीतरी जास्त पाणी उडतं, पण पाऊस आणि नद्या ते भरून काढतात.

लहान टाकीचं दुखणं हेच. मोठ्या पाण्यात एक गोगलगाय मेली तर कुणाला पत्ता लागत नाही. ४० लिटरांत ती खडकामागे दोन दिवस कुजली, तर सगळ्यांच्या जिवाशी येतं. समुद्रफूल तर जागा सोडून चालतं! रात्री चालता चालता ते पंपात ओढलं गेलं, की सकाळी पाणी गढूळ आणि मासे पृष्ठभागाशी धापा टाकताहेत. महिनोन् महिने जपलेलं एका रात्रीत जातं. असं झालेली माणसं खूप रडतात, आणि मला ते अगदी समजतं.

आणि भारनियमन! वीज गेली की पंप थांबतो, पाण्यात हवा मिसळेनाशी होते. उन्हाळ्याच्या दुपारी पाणी तापायला लागतं. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस बरं वाटतं. त्यांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि प्रवाळाला देतं. काही प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेतला ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा या शेवाळाचा असतो. पाणी फार तापलं की हे शेवाळ प्रवाळाच्या अंगातून बाहेर पडतं. मग पारदर्शक अंगातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. लवकर गारवा मिळाला तर शेवाळ परत येतं, नाहीतर प्रवाळ उपाशी मरतो. नेमकं हेच मोठ्या समुद्रात घडतंय. १९९८, २०१० आणि २०१६ साली आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची ही चौथी वेळ आहे. समुद्राला तापायला वेळ लागतो आणि गार व्हायलाही. टाकीत बर्फाच्या पाण्याची बाटली तरी ठेवता येते.

सगळं सुरळीत चाललं तरी काम संपत नाही. उलट वाढतं! समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रवाळ भराभर वाढू लागले, की टाकीतलं कॅल्शियम सांगाड्यांत जातं आणि पाण्यात कमी पडतं. समुद्राला नद्या ते आणून देतात. इथे मोजून थेंब घालावे लागतात. शिवाय वाढलेले प्रवाळ एकमेकांच्या जवळ आले, की रात्री लांब लांब विषारी हात बाहेर काढून शेजाऱ्याला भाजतात. सकाळी दोघांच्या मध्ये एक मेलेला पट्टा दिसतो. एकाच जागी रुतून बसलेले प्राणी जागेसाठी भांडतात ते असं.

आणि कोळंबीची एक गोष्ट सांगायलाच हवी. एखाद्या सकाळी ती वाळूवर आडवी दिसते. अगदी पाय, मिशा, डोळ्यांसकट. घरात हळहळ सुरू होते. तेवढ्यात खडकामागून कोळंबी डोकावते, थोडी मोठी होऊन! ती कात टाकून मोकळी झालेली असते. नवं कवच कडक होईपर्यंत ती लपून राहते.

जोकर माशांचं तर आणखी नवल. त्यांची सगळी पिल्लं नर म्हणूनच मोठी होतात. गटातला सगळ्यांत मोठा मासा मादी होतो. ती मेली की तिचा जोडीदार मादी होतो आणि खालचा एक नर त्याची जागा घेतो. हे मासे समुद्रातून पकडायची गरज उरलेली नाही. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते पाळून वाढवण्याची पद्धत बसवली आहे.

टाकीत अवघड होतं ते प्रवाळांची पिल्लं मिळवणं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षातून ठरावीक दिवसांत, पौर्णिमेनंतरच्या रात्री, असंख्य प्रवाळ एकदम अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. त्यांना वेळ कळते पाण्याच्या तापमानावरून, दिवसाच्या लांबीवरून आणि चंद्रप्रकाशावरून. टाकीत चंद्र कुठून आणायचा? लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आणला. दिव्यांना त्यांनी खऱ्या रीफचं वर्षाचं वेळापत्रक दिलं: तिथला सूर्योदय, तिथला उन्हाळा-हिवाळा, तिथला वाढता-घटता चंद्र. २०१३ साली त्यांच्या टाकीतल्या प्रवाळांनी अंडी सोडली! ही युक्ती आता समुद्रात नवे प्रवाळ लावणाऱ्या शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते आहे.

हे वाचून कुणाला आपणही मालवणला जाऊन एक तुकडा आणावा असं वाटेल, म्हणून लगेच सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ २००१ पासून आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा आणायचा नाही. परदेशात हौशी लोक टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे एकमेकांना देतात. आणि कुणाकडे अशी टाकी असलीच तर मोठ्यांशिवाय आत हात घालू नका. झोअँथिड नावाच्या काही सुंदर जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं. त्यांचा खडक उकळला तर ते वाफेबरोबर श्वासात जातं.

बघायला मात्र खूप आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत अरबी समुद्रात पाण्याखाली एक मोठं पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालंय. तिथेही प्रवाळ आहेत. आणि थेट मुंबईतसुद्धा! २०२० साली सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती परवानगी घेऊन दुसऱ्या जागी हलवाव्या लागल्या होत्या. मोठी ओहोटी अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास येते. पायात पकड घेणारी चप्पल घालून, घरातल्या मोठ्यांबरोबर खडकातल्या डबक्यांपाशी जा आणि दहा मिनिटं गप्प उभे राहा, मग खेकडे बाहेर येतात. एखादा दगड उलटून बघितलात तर तो पुन्हा तसाच पालथा ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या जीवांना ऊन सोसत नाही.