ऑपरेशननंतर चष्मा का लागतो?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्मा लागला की आपल्याकडे लगेच "ऑपरेशन फसले" असे बोलले जाते. बँकेच्या काउंटरवर पेन्शन घेण्यास येणाऱ्या वृद्धांकडून आम्ही हे अनेकदा ऐकतो. असे बोलणे ऐकून आणखी चार जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. म्हणून हा विषय थोडक्यात मांडत आहोत.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ते काढून कृत्रिम भिंग बसवितात. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली असे पहिले भिंग बसविले. परंतु त्याची ताकद जास्त ठरल्याने त्या महिलेस मोठा उणे नंबर आला. भिंग किती ताकदीचे हवे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आज बुबुळाचा बाक आणि डोळ्याची लांबी मोजून गणिती सूत्राने हा आकडा काढतात. डोळ्याची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. तीत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीचने चुकतो. शिवाय भिंग आत नेमके कोठे स्थिरावेल, याचा अंदाजच करावा लागतो. ब्रिटनमध्ये २००९ साली सुचविलेला मापदंड असा, की निदान ८५ टक्के रुग्णांचा नंबर अंदाजापासून एकच्या आत यावा. म्हणजे उत्तम दवाखान्यातही काहींचा अंदाज चुकणार, हे गृहीतच आहे.

मोतीबिंदूबरोबर पडद्याचेही ऑपरेशन असेल तर अंदाज आणखी अवघड होतो. पडदा सुटून पुढे आला असेल किंवा मधुमेहाने सुजला असेल, तर सोनोग्राफीच्या मापात डोळा आखूड दिसतो. मग भिंग जास्त ताकदीचे निवडले जाते व उणे नंबर येतो. पडदा टेकविण्यासाठी भरलेला वायू भिंगास पुढे ढकलतो, त्यानेही नंबर उणेकडे झुकतो. पूर्वी डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेले असेल तर उलट घडते. तेलातून ध्वनी सावकाश जातो, त्यामुळे यंत्रास डोळा लांब भासतो. ही दुरुस्ती केली नाही तर अधिक नंबर येतो. १९९९ नंतर आलेल्या प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रांनी अचूकता वाढली, तरी फार पिकलेल्या मोतीबिंदूतून त्यांपैकी अनेकांचा प्रकाश पलीकडे पोहोचत नाही. म्हणजे उशीर केल्याने मापही बिघडते.

आपल्या बीड जिल्ह्यात नेत्रसेवेची परंपरा आहे. पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जाण्यापूर्वी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात काम केले. तरीही "ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर पाहू" म्हणून डोळे दाखविणे लांबणीवर पडते. मोतीबिंदू काही महिने थांबेल. सुटलेला पडदा थांबत नाही. डोळ्यापुढे अचानक वीज चमकणे, काळे ठिपके वाढणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: पडद्याची स्थिती काय, डोळ्यात वायू किंवा तेल भरणार काय, आणि नंतर किती नंबर अपेक्षित आहे. चष्मा डॉक्टर सांगतील तेव्हाच करावा. वायू विरून डोळा स्थिर होण्याआधी केलेला चष्मा वाया जातो.

चुकलेला नंबर चष्म्याने भरून निघतो. गेलेली नजर मात्र कोणत्याही चष्म्याने परत येत नाही, एवढे घरोघरी पोहोचले तरी पुष्कळ झाले.